फिशटँकचा संप आणि पाणी वर नेणारा पंप

विषयाचं नाव फलकावर वाचून दोघा-तिघांनी मला दारातच अडवलं. म्हणाले, सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे, हे माशांचं काय मध्येच? आणि एका जुन्या मित्रानं विचारलं, "संप" म्हणजे कुणाचा संप? (हशा) सोलापुरात हा प्रश्न अगदी रास्त आहे. जुन्या मिलच्या भोंग्यावर ज्यांचं बालपण गेलं त्यांना संप म्हटलं की गिरणीचं बंद दारच दिसणार. पण आज ज्याबद्दल बोलायचंय तो संप वेगळा. आपल्याकडे, कर्नाटकाची हवा लागल्यामुळे असेल, घराच्या अंगणातल्या जमिनीखालच्या हौदाला पुष्कळ जण संपच म्हणतात. तोच शब्द, तेच काम, फक्त आकार लहान.

उलट मी म्हणेन की हा विषय समजायला सोलापूरकरासारखा श्रोता नाही. बघा, उजनीहून शंभर किलोमीटरपेक्षा जास्त लांबून पाइपलाइननं पाणी येतं, पाकणीला शुद्ध होतं, आणि आपल्या गल्लीत चार-पाच दिवसांनी नळाला सुटतं. ते हौदात पडतं. हौदातून मोटर लावून गच्चीवरच्या टाकीत. गच्चीवरून नळानं खाली. मोटर किती एचपीची घ्यायची, दुसऱ्या मजल्यावर चढेल का, पाइप पाऊण इंची टाकायचा की एक इंची, यावर आपल्याकडे प्रत्येक घरात एक तरी वाद झालेला असतो. फिशटँकचा रिटर्न पंप हा तोच वाद आहे. फरक एवढाच की घरातली मोटर दिवसातून वीस मिनिटं चालते आणि हा पंप वर्षाचे ८७६० तास चालतो. आणि हौद कोरडा पडला तर आपण शेजारून घागरभर पाणी आणतो. माशाला शेजार नसतो.

ज्यांनी ही रचना पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वर काचेची मुख्य टाकी, त्यात मासे. तिच्या वरच्या काठाजवळ ओव्हरफ्लो, म्हणजे पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की आपोआप एका पाइपातून खाली पडतं. खाली स्टँडच्या कपाटात दुसरी काचेची टाकी, हा संप. त्यात कप्पे असतात. पहिल्या कप्प्यात स्पंज किंवा कापडी गाळणी, पुढच्यात सिरॅमिकच्या नळ्या किंवा प्लास्टिकची चक्रं, ज्यांवर उपयोगी जिवाणू वाढतात. माशांच्या मूत्र-विष्ठेतून अमोनिया तयार होतो, तो माशांना विष आहे. हे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग पुष्कळ कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. शेवटच्या कप्प्यात रिटर्न पंप. तो स्वच्छ झालेलं पाणी पुन्हा वर पाठवतो. खाली येणं गुरुत्वाकर्षणाचं काम, वर जाणं पंपाचं. त्या जिवाणूंनासुद्धा प्राणवायू लागतो आणि तो वाहत्या पाण्यातूनच मिळतो. म्हणून पंप थांबला की नुसतं पाणी थांबत नाही.

आता दुकानात काय होतं? गिऱ्हाईक विचारतं, "किती लिटरचा आहे?" दुकानदार खोक्यावरचा आकडा वाचतो, "दोन हजार लिटर तासाला." गिऱ्हाईक मनात म्हणतं, दोन हजारापेक्षा तीन हजार चांगला. न्यायशास्त्रात याला हेत्वाभास म्हणतात. हेतू दिसतो, पण तो साध्याला नेमानं धरून नसतो. 'जास्त लिटर आहेत म्हणून पंप चांगला' हा सव्यभिचार हेतू झाला, कारण जास्त लिटरचे वाईट पंपही असतात आणि चांगला असूनही तुमच्या टाकीला नको असलेला पंपही असतो.

खोक्यावर दोन आकडे असतात, ते नीट वाचा. एक 'क्यू मॅक्स', म्हणजे तासाला जास्तीत जास्त लिटर. दुसरा 'एच मॅक्स', म्हणजे जास्तीत जास्त उंची. गंमत अशी की हे दोन आकडे एकाच वेळी कधीच खरे नसतात. क्यू मॅक्स मिळतो तेव्हा उंची शून्य असते, पंप पाणी वर नेतच नसतो, नुसतं इकडचं तिकडे ढकलतो. आणि एच मॅक्सला पोचतो तेव्हा पाणी शून्य. पाइपात तेवढ्या उंचीपर्यंत पाणी चढून उभं राहतं, वरून थेंब पडत नाही. तुमची टाकी या दोन शून्यांच्या मध्ये कुठेतरी आहे. ती कुठे आहे हे ठरवणं म्हणजे पंप निवडणं.

आपण एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच वापरू. चार फुटी टाकी, आतून १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद, ५० उंच. काठोकाठ २७० लिटर, प्रत्यक्षात साधारण २५० धरा. खाली संप ९० सेंटिमीटर लांब, ३५ रुंद, ४० उंच.

पहिला प्रश्न, पाणी किती फिरायला हवं? गोड्या पाण्याच्या टाकीत ताशी तीन ते पाच वेळा सगळं पाणी संपातून गेलं की बहुतेकांचं भागतं. आपण चार वेळा धरू, म्हणजे ताशी १००० लिटर. समुद्री टाकीत पूर्वी दहा पटीच्या गोष्टी व्हायच्या. आता प्रवाळाला लागणारा जोरदार प्रवाह टाकीतच वेव्हमेकर बसवून देतात, त्यामुळे रिटर्न पंपावर तो भार टाकायची गरज उरलेली नाही. उलट बाजूही सांगतो. फुगीर पोटाचे, लांब शेपटीचे गोल्डफिश असतील तर जास्त प्रवाह म्हणजे त्यांना छळ आहे. तो मासा दिवसभर झाडाच्या आडोशाला उभा राहून शेपूट हलवत बसतो आणि आपण म्हणतो, किती छान पोहतोय!

दुसरा प्रश्न उंचीचा. इथे लोक पंपाच्या तळापासून मोजतात. ते चूक. संपातल्या पाण्याच्या पृष्ठभागापासून वरच्या टाकीतल्या पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत मोजायचं, कारण पंप पाण्यात बुडालेला आहे, त्याच्या वरच्या पाण्याचा दाब त्याला आयता मिळतो. आपल्या उदाहरणात ही उंची साधारण एक मीटर येते. पण पंपाला फक्त उंची चढायची नसते, पाइपाशी भांडायचंही असतं. हे भांडण कुणी मोजत नाही, म्हणून थोडा हिशेब करून दाखवतो.

ताशी १००० लिटर पाणी २० मिलिमीटर आतल्या व्यासाच्या दोन मीटर पाइपातून गेलं तर घर्षणात सुमारे दहा सेंटिमीटर उंचीएवढा दाब खर्च होतो. तेवढंच पाणी १२ मिलिमीटरच्या नळीतून नेलं तर? अंदाज करा. दुप्पट? तिप्पट? जवळपास एक मीटर चाळीस सेंटिमीटर. म्हणजे टाकी एक मीटर वर आहे आणि नळीच तिच्यावर आणखी दीड मजला बांधते. कारण एकाच प्रवाहासाठी घर्षण व्यासाच्या साधारण पाचव्या घाताच्या उलट प्रमाणात बदलतं. व्यास अर्धा केला की घर्षण दुपटीनं नाही, बत्तीसपटीच्या आसपास वाढतं. त्यामुळे पंपाच्या तोंडाला बसते म्हणून बारीक पारदर्शक नळी लावू नका. तोंडाशीच रिड्यूसर लावून पाइप मोठा करा. काटकोनी एल्बो प्रत्येकी तीन-चार सेंटिमीटर खातात, शक्य तिथे सौम्य वळण द्या. हे सगळं धरून आपली एकूण उंची एक मीटर तीस होते. पुढे पाइपात शेवाळ धरणारच, म्हणून एक चाळीस धरू.

आता दोन पंप समोर ठेवा. पहिला २००० लिटरचा, एच मॅक्स २ मीटर. दुसरा २५०० लिटरचा, एच मॅक्स ३ मीटर. दोन शून्यांमध्ये सरळ रेष ओढली, हा ढोबळ अंदाज आहे, तर एक चाळीसच्या उंचीवर पहिला ६०० लिटर देईल, दुसरा १३०० च्या आसपास. लिटरमध्ये फरक सव्वापटीचा दिसत होता, प्रत्यक्षात दुपटीहून जास्त निघाला. खरी रेष सरळ नसते, वक्र असते. चांगले उत्पादक तो आलेख खोक्यावर किंवा माहितीपत्रकात छापतात. नसेल तर दुकानदाराला मागा. आलेख मागितल्यावर दुकानदार तुमच्याकडे कसा बघतो त्यावरूनही थोडं ज्ञान होतं. (हशा) आणि आणखी एक. परदेशी मालावर कधी कधी ६० हर्ट्झवरचे आकडे असतात. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, साधा एसी पंप इथे हळू फिरतो आणि कमी पाणी देतो. खोक्यावर ५० हर्ट्झ लिहिलंय ना, बघा.

मी आयुष्यभर प्रमाणशास्त्र शिकवलं, म्हणून एवढं बोलूनच घेतो. खोक्यावरचा आकडा हे शब्दप्रमाण आहे. नैयायिक शब्दाला प्रमाण मानतात, पण अट घालतात की तो आप्ताचा हवा. आप्त म्हणजे ज्याला वस्तू स्वतः माहीत आहे आणि जो जशी आहे तशी सांगू इच्छितो. उत्पादकाला पहिली अट लागू पडते. दुसरीबद्दल मी गप्प राहतो. आलेखावरून काढलेलं ते अनुमान. आणि प्रत्यक्ष? प्रत्यक्ष म्हणजे एक बादली आणि मनगटावरचं घड्याळ. रिटर्नचं तोंड टाकीच्या काठाशी, पाण्याच्या पातळीवर आणून बादलीत सोडायचं. दहा लिटरची खूण भरायला ३६ सेकंद लागले तर ताशी १००० लिटर. एवढं सोपं आहे. पंप नवा असताना हे मोजून कपाटाच्या दारावर आतून लिहून ठेवा. सहा महिन्यांनी ५० सेकंद लागायला लागले तर पंप काहीतरी सांगतोय.

प्रवाह जास्त वाटला तर रिटर्न पाइपावर व्हॉल्व्ह बसवून कमी करता येतो, पंपाला त्यानं इजा होत नाही. पण पाणी ओढणाऱ्या बाजूला कधी आवळायचं नाही. म्हणून थोडा मोठा पंप घेऊन व्हॉल्व्ह लावणं हे अगदी काठावरचा पंप घेण्यापेक्षा बरं. थोडा मोठा म्हणतोय मी, तिप्पट नव्हे. आणि खाली येणारा पाइप नेहमी वर जाणाऱ्यापेक्षा मोठा ठेवा. वर जाणाऱ्याच्या मागे मोटर आहे, खाली येणाऱ्याच्या मागे नुसतं गुरुत्वाकर्षण. वर जाणारा वीसचा असेल तर खाली बत्तीस किंवा चाळीस, आणि त्याच्या शेजारी, जरा उंचावर तोंड असलेला, एरवी कोरडा राहणारा दुसरा पाइप. पहिला तुंबला तर तो कामाला येतो.

आता ज्या भागासाठी मी खरं म्हणजे हे व्याख्यान ठरवलं, तिकडे येतो. वीज जाते तेव्हा काय होतं?

माझा एक जुना विद्यार्थी, आता स्वतः नोकरीतून निवृत्तीला आला आहे. त्याच्याकडे अशीच चार फुटी टाकी. रात्री दोनला वीज गेली. सकाळी उठून बैठकीत पाय ठेवला तर घोट्याला पाणी लागलं. कपाटाच्या तळाशी एक्स्टेन्शन बोर्ड होता, तो पाण्यात. वीज तेव्हा आलेली नव्हती. त्यानं बोर्ड भिंतीच्या प्लगातून काढला आणि दहा मिनिटांनी वीज आली. दहा मिनिटं, मंडळी. मला तो हसत हसत सांगत होता. मला हसू आलं नाही.

झालं काय होतं? त्याचा रिटर्न पाइप टाकीत पाच सेंटिमीटर खाली बुडालेला होता, म्हणजे पाणी पडताना आवाज नको म्हणून. पंप चालू असताना पाणी वर. पंप थांबला की तोच पाण्यानं भरलेला पाइप उलटा सायफन होतो, आणि पंपातूनच मागे, टाकीतलं पाणी संपात ओढायला लागतो. तोंड उघडं पडून हवा आत शिरेपर्यंत तो थांबत नाही. आपल्या टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे किती? १२० गुणिले ४५, ५.४ लिटर. पाच सेंटिमीटरचे २७ लिटर. पाइपातलं आणि ओव्हरफ्लोतलं पाच-सहा लिटर मिळवा, ३३ झाले. संपात एक सेंटिमीटर म्हणजे ३.१५ लिटर. म्हणजे संपाची पातळी दहा सेंटिमीटरहून थोडी जास्त वाढणार. संप चालताना २५ सेंटिमीटरवर असेल तर साडेपस्तीसवर थांबेल, काठ चाळीसचा आहे, काही बिघडणार नाही. पण यानं 'पाणी कमी दिसतंय' म्हणून आदल्या दिवशी संप बत्तीसपर्यंत भरला होता. बाकीचं गणित जमिनीवर झालं.

उपाय तीन आणि तिघांवर माझा सारखा विश्वास नाही. रिटर्नचं तोंड पृष्ठभागाच्या जेमतेम एक-दीड सेंटिमीटर खाली ठेवा, हा सगळ्यात भरवशाचा. किंवा पाइपाला पृष्ठभागाच्या लगेच खाली एक छोटं भोक पाडा, पातळी उतरली की तिथून हवा शिरून सायफन तुटतो. हे भोक शेवाळानं बुजतं, काडी घालून महिन्यातून एकदा साफ करावं लागतं. तिसरा, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. दुकानदार हाच आधी सांगतात. त्याच्या झडपेखाली एक बारकी गोगलगाय अडकली की तो उघडाच राहतो, आणि ते आपल्याला कळतं तेव्हा फरशी ओली असते. लावायचा तर लावा, पण तो नाही असं समजून संपात जागा ठेवा.

आणि परीक्षा घ्या. सगळं बसवून झालं की दिवसाढवळ्या, हातात पोतेरं घेऊन, स्वतःच्या हातानं पंप बंद करा. पाणी कुठे थांबतं बघा. ते काठाच्या खाली राहिलं की पंप पुन्हा सुरू करा आणि चालू स्थितीतल्या पातळीवर मार्करनं रेघ मारा. या रेघेच्या वर पाणी घालायचं नाही. घरातल्या सगळ्यांना ती रेघ दाखवा. सूनबाईंना, नातवाला, कामाला येणाऱ्या मावशींना. पाणी प्रेमापोटीच जास्त घातलं जातं.

याच्या उलट पूरही येतो. खाली येणाऱ्या पाइपाचं तोंड पानानं किंवा एखाद्या मेलेल्या माशानं बंद झालं, पंप मात्र चालूच. आता पंप शेवटच्या कप्प्यातलं सगळं पाणी वर नेणार. तो कप्पा ३० सेंटिमीटर लांब, ३५ रुंद आणि पंपाच्या तोंडावर २० सेंटिमीटर पाणी धरलं, तर २१ लिटर. वरच्या टाकीत ते जवळपास चार सेंटिमीटर पातळी वाढवेल. म्हणजे वरच्या काठाला चार सेंटिमीटर मोकळे हवेतच. हा कप्पा जितका मोठा तितका हा पूर मोठा.

मग कप्पा लहानच ठेवावा का? इथे आपला सोलापूरचा उन्हाळा मध्ये येतो. कोरडी हवा, चाळीसच्या वर पारा, टाकीतून दिवसाला दोन-तीन लिटर पाणी सहज उडतं. आणि मुख्य टाकीची पातळी ओव्हरफ्लोनं बांधलेली, संपातल्या आधीच्या कप्प्यांची आडव्या काचांनी बांधलेली. म्हणून सगळी तूट या शेवटच्या कप्प्यातच दिसते. लिटरला जवळपास एक सेंटिमीटर. आठवडाभर गावाला गेलात की पंपाचं तोंड उघडं पडतं, तो कोरडा फिरतो, तापतो, जळतो. मग सगळं चक्र बंद. मे महिन्यात लग्नाला जाऊन आल्यावर माशांची टाकी पांढरी दिसली, असं ज्यांच्या बाबतीत झालंय त्यांतल्या निम्म्यांचं कारण हे असावं, असा माझा कयास आहे. गावाला जाताना शेजाऱ्यांना खाद्य घालायला सांगू नका. मासे आठवडा उपाशी काढतात. पाणी घालायला सांगा, रेघेपर्यंत.

उन्हाळ्याचंच आणखी. आपल्या टाकीत ताशी १००० लिटर पाणी एक चाळीस उंचीवर न्यायला प्रत्यक्षात लागणारी शक्ती चार वॅटसुद्धा नाही, थोडी कमीच आहे. आणि पंप घेतो वीस, तीस, पंचेचाळीस वॅट. उरलेली कुठे जाते? उष्णतेत. पंप पाण्यात बुडालेला असेल तर ती उष्णता पाण्यातच. टाकी आणि संप मिळून ३०० लिटर पाणी धरलं आणि उष्णता बाहेर जाऊच दिली नाही, तर ४५ वॅटचा पंप दिवसात ते तीन अंशांनी तापवेल, वीसचा जेमतेम दीड अंशानं. प्रत्यक्षात पुष्कळ उष्णता बाष्पीभवनानं निघून जाते, एवढी वाढ होत नाही. पण मे महिन्यात एकेक अंश मोलाचा. कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशाला लिटरमध्ये नऊ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० ला साडेसात. आणि त्याच वेळी माशाचा श्वास वाढलेला. संपावर एक छोटा पंखा सोडा. एक लिटर पाणी उडालं की ३०० लिटर सुमारे दोन अंशांनी थंड होण्याइतकी उष्णता घेऊन जातं. मुंबईच्या दमट हवेत हा पंखा आपल्याइतका चालत नाही. तिथे त्यांच्याकडे समुद्र आहे, १९५१ पासूनचं तारापोरवाला मत्स्यालय होतं. आपल्याकडे कोरडी हवा आहे, ती वापरू.

वॅटकडे बघायचं दुसरं कारण खिशाचं. वीस आणि पंचेचाळीस यांत फरक पंचवीस वॅटचा. वर्षाला २१९ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर २१९० रुपये. दुकानात पाचशे-सातशे वाचवून आणलेला पंप ते पैसे चार महिन्यांत परत घेतो आणि पुढे घेतच राहतो. म्हणून लिटरऐवजी हे विचारा: माझ्या उंचीवर, दर वॅटमागे किती लिटर?

एसी की डीसी? डीसी पंप महाग, पण वीज कमी खातो, वेग कमी-जास्त करता येतो, आवाज कमी. त्याचा कंट्रोलर हा त्याचा दुबळा भाग. तो संपाच्या कपाटात दमट हवेत ठेवला की मरतो, बाहेर वर ठेवा. एसी पंप साधा, वर्षानुवर्षं चालतो. घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर एसी पंप त्यावर गुणगुणतो आणि तापतो. चोवीस व्होल्टचा डीसी पंप योग्य बॅटरीवर थेट चालू शकतो. वीज जाण्याचं प्रमाण बघता नवीन घेणाऱ्याला मी डीसी सुचवेन. आणि ज्याला परवडेल त्यानं एका मोठ्याऐवजी दोन छोटे पंप घ्यावेत. एक बंद पडला तरी निम्मं पाणी फिरत राहतं आणि रविवारी दुकान बंद असतं तेव्हा याची किंमत कळते. ज्याला परवडत नाही त्यानं निदान जास्तीचा इंपेलर आणून ठेवावा. बहुतेक वेळा मोडतो तोच.

आपल्या बोअरचं पाणी जड. मलावी सरोवरातल्या सिक्लिड माशांना ते मानवतं, पंपाला नाही. इंपेलरवर आणि सिरॅमिकच्या दांडीवर पांढरा क्षार धरतो, पंप घरघरतो, पाणी कमी येतं. दोन-तीन महिन्यांनी पंप सोडवून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तासभर ठेवा, जुन्या टूथब्रशनं घासा, साध्या पाण्यानं नीट धुवा. साबण कधीच नाही. पंप काढण्याआधी प्लग काढायचा, हे वेगळं सांगायला नको, पण सांगतो. टाकीच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या, अर्थिंग तपासून घ्या, बोर्ड भिंतीवर संपाच्या काठापेक्षा उंच लावा, आणि प्रत्येक वायर प्लगकडे जाण्याआधी खाली झोळी करून मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळीच्या टोकाला टपकेल, प्लगात जाणार नाही. पंपापेक्षा हा खर्च आधी करा.

वेळ संपत आली. एक-दोन प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांतून: सर, घरातला जुना कूलरचा पंप पडून आहे. तो संपात चालेल का?)

पाणी चढवेल, हो. पण तो चोवीस तास, वर्षभर चालायला केलेला नसतो, वायर आणि सील त्या तयारीचे नसतात, आणि त्यात कुठला धातू पाण्याला लागतोय हे आपल्याला माहीत नाही. तांबं कोळंबीला आणि गोगलगायीला फार थोड्या प्रमाणातही मारतं. कूलरलाच लावा, एप्रिल आलाच आहे.

(श्रोत्यांतून, एक ताई: वीज गेल्यावर मासे किती वेळ तग धरतात?)

ताई, माशांची गर्दी आणि पाण्याचं तापमान यावर आहे. मोजके मासे, हिवाळा, तर कित्येक तास काही होत नाही. गच्च भरलेली टाकी आणि मे महिन्याची दुपार, तर दोन तासांत मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतील. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप मिळतो, वीज गेली की आपोआप सुरू होणारा. एक घेऊन ठेवा. तो नसेल तर तांब्यानं टाकीतलंच पाणी घेऊन वीतभर उंचीवरून परत टाकीत ओतत राहा, पाच मिनिटं ओतायचं, पंधरा मिनिटं थांबायचं. त्या वेळात खाद्य घालू नका. आणि वीज आल्यावर आधी संपाकडे बघा, पाणी वाहतंय ना. पुष्कळदा पंपात हवा अडकते आणि तो नुसता घरघरत बसतो. प्लग दोन-तीनदा काढून घातला की सुरू होतो.